अकरा अक्षरांचा पत्ता : पैसे पाठवताना घ्यावयाची काळजी

(संस्थेच्या सारंगखेडा येथील मेळाव्यात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वरकरणी रुक्ष आहे. बँकेच्या शाखेचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ज्याला आपण सारे 'आयएफएससी कोड' म्हणतो, त्यावर तास-दीड तास काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आम्ही हा विषय जाणीवपूर्वक निवडला आहे. आपल्यापैकी अनेक घरांतील कोणी ना कोणी सुरत-बारडोलीकडे कामाला आहे, कोणी ऊसतोडीला गेले आहे, कोणाचा मुलगा पुण्याला वसतिगृहात तर कोणाची मुलगी धुळ्याला शिकते आहे. घाम एका गावी गळतो आणि पैसा दुसऱ्या गावी लागतो. या दोन गावांच्या मधला रस्ता सुरक्षित असणे ही श्रीमंतांपेक्षा गरिबांची गरज अधिक आहे. ज्याच्या खात्यात पाच लाख आहेत त्याचे पाच हजार चुकून गेले तर त्याला हळहळ वाटेल. पण ज्याने सत्राची फी भरण्यासाठी हंगामभर राबून पाच हजार जमवले, त्याच्या मुलाचे वर्षच त्या एका चुकीच्या आकड्यात अडकून पडते.

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला केलेल्या उपदेशात, कष्टाने व सन्मार्गाने मिळवलेल्या धनाचे रक्षण करणे हीसुद्धा गृहस्थाची एक संपदाच मानली आहे. तिला 'आरक्ख-संपदा' म्हणतात. मिळवणे आणि राखणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. मिळवण्यात आपला समाज कमी पडत नाही. राखण्याचे शास्त्र मात्र आपण शिकून घेतले पाहिजे आणि आजचा विषय त्या शास्त्राचा एक धडा आहे.

थोडे मागे जाऊ. पूर्वी व्यापारी लोक दूरच्या गावी रोख रक्कम न नेता हुंडी नेत असत. हुंडीचे अनेक प्रकार होते. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनंतर वटायची. त्यांत 'शहाजोग' नावाचा एक प्रकार होता. या हुंडीचे पैसे कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्याला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे, ज्याला चार माणसे ओळखतात, अशा 'शहा'लाच ते मिळत. कारण उद्या घोटाळा झालाच तर पैसे कोणी नेले हे शोधता यावे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत काढत, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर 'परपेठ' निघे. म्हणजे सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि त्या विचाराच्या केंद्रस्थानी एकच प्रश्न होता : पैसे घेणारा माणूस नक्की कोण?

पुढे १८८० साली टपाल खात्याची मनीऑर्डर आली. फॉर्मवर नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहायचा. पोस्टमन दारात यायचा. तो घरातल्या माणसाला चेहऱ्याने ओळखायचा. सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायचा. कमिशन जात असे, वेळ लागत असे, हे खरे. पण पत्ता थोडा चुकला तरी पोस्टमन तो दुरुस्त करून घ्यायचा, कारण नाव आणि माणूस यांची गाठ त्याला घालता येत होती.

आता पोस्टमनच्या जागी संगणक आला आहे. रिझर्व्ह बँकेने २००४ च्या मार्च महिन्यात 'आरटीजीएस' आणि २००५ च्या नोव्हेंबर महिन्यात 'एनईएफटी' ही व्यवस्था सुरू केली. २०१० साली 'आयएमपीएस' आणि २०१६ साली 'यूपीआय' आली. पैसा काही क्षणांत देशाच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊ लागला. ही सोय मोठीच आहे. मात्र संगणक चेहरा ओळखत नाही, गाव ओळखत नाही. आपण जे अंक देऊ त्यांवर तो चालतो. म्हणून जे काम पोस्टमन करीत होता, ते आता आपल्याला करावयाचे आहे. आजच्या आमच्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

रिझर्व्ह बँकेचे नाव आले म्हणून विद्यार्थ्यांना एक आठवण करून देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे भारतीय चलनाविषयी साक्ष दिली. रिझर्व्ह बँक स्थापन झाली ती १ एप्रिल १९३५ रोजी. तेव्हा चलन, बँक, हिशेब हे विषय 'आपले नाहीत' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

आता प्रत्यक्ष कोडकडे वळू. आयएफएससी म्हणजे 'इंडियन फायनान्शियल सिस्टम कोड'. यात एकूण अकरा अक्षरे असतात. पहिली चार अक्षरे बँकेची. उदाहरणार्थ, भारतीय स्टेट बँकेची 'एस-बी-आय-एन', बँक ऑफ महाराष्ट्रची 'एम-ए-एच-बी', बँक ऑफ बडोदाची 'बी-ए-आर-बी'. पाचव्या जागी नेहमी शून्य असते. ते पुढील काळातील उपयोगासाठी राखून ठेवले आहे. शेवटची सहा अक्षरे शाखेची. बहुतेक बँकांमध्ये हे सहा अंक असतात, तर काही बँकांमध्ये त्यात इंग्रजी अक्षरेही असतात. थोडक्यात, पहिली चार अक्षरे म्हणजे जिल्हा-तालुका समजा आणि शेवटची सहा म्हणजे गाव समजा.

यातल्या पाचव्या जागेवर फार चुका होतात. ते शून्य आहे, इंग्रजी 'ओ' नव्हे. हाताने लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, फोनवर सांगताना तर लोक शून्याला सर्रास 'ओ' म्हणतात. म्हणून कोड सांगताना 'शून्य' किंवा 'झिरो' असे स्वच्छ म्हणावे आणि मोजून अकरा अक्षरे झाली की नाही हे पाहावे. दहा झाली किंवा बारा झाली तर तिथेच थांबावे.

दुसरा घोटाळा 'एमआयसीआर' क्रमांकाचा. चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर वेगळ्या धाटणीचे आकडे छापलेले असतात. त्यात चेक क्रमांकानंतर नऊ आकडी एमआयसीआर क्रमांक असतो. त्यातले पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. तो चेक वटवण्याच्या कामासाठी आहे. पैसे ऑनलाइन पाठवण्यासाठी तो चालत नाही. आयएफएससी चेकवर बहुधा शाखेच्या पत्त्याजवळ छापलेला असतो आणि पासबुकाच्या पहिल्या पानावरही असतो. नऊ आकडी दिसला तर तो एमआयसीआर, अकरा अक्षरी दिसला तर तो आयएफएससी, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

तिसरा घोटाळा टपाल खात्याच्या बाबतीत होतो. आपल्या भागात पोस्टात खाते असणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. पण पोस्टात आता दोन वेगवेगळ्या प्रकारची खाती असतात. एक जुने पोस्ट ऑफिस बचत बँकेचे आणि दुसरे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे. इमारत एक, काउंटरही बऱ्याचदा एकच, पण कोड निराळे. पेमेंट्स बँकेच्या देशभरातील सर्व खात्यांना एकच कोड आहे : 'आय-पी-ओ-एस', त्यापुढे सहा शून्ये आणि शेवटी एक. पोस्ट ऑफिस बचत बँकेला एनईएफटीची सोय २०२२ च्या मे महिन्यात मिळाली आणि तिच्या कोडच्या शेवटी 'डी-ओ-पी' ही अक्षरे आहेत : 'आय-पी-ओ-एस', चार शून्ये, 'डी-ओ-पी'. यात तर शून्य आणि 'ओ' दोन्ही आहेत, तेव्हा विशेष जपून लिहावे. काही लहान सहकारी बँकाही मोठ्या बँकेच्या मार्फत या व्यवस्थेत सामील झालेल्या असतात आणि त्यांचा कोड त्या मोठ्या बँकेच्या नावाचा असू शकतो. अशा वेळी घाबरून जाऊ नये, पण आपल्या शाखेत जाऊन खात्री मात्र करून घ्यावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती आपल्या जुन्या पासबुकांशी संबंधित आहे. बँकांची विलीनीकरणे झाली. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेच्या सहयोगी बँका मुख्य बँकेत आल्या. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, आंध्रा व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, तर ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक या पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. अलीकडे, १ मे २०२५ रोजी राज्यातील दोन ग्रामीण बँका एक होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. बँक बदलली की कालांतराने कोडही बदलतो. देना बँकेचे 'बी-के-डी-एन' ने सुरू होणारे कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. पण ट्रंकेत ठेवलेल्या पासबुकावर, जुन्या चेकवर आणि कित्येक संस्थांच्या पावतीपुस्तकांवर ते अजूनही छापलेले आढळतात. आमची सर्व सभासदांना विनंती आहे की, कोणत्याही छापील कागदावरचा कोड, मग तो आपल्याच एखाद्या जुन्या स्मरणिकेतला का असेना, तो पडताळल्याशिवाय वापरू नये. पडताळणी शाखेत करावी किंवा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत करावी.

येथवर कोडचे झाले. आता अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. कोड पैसे गावापर्यंत नेतो, पण ते कोणाच्या घरात पडायचे हे ठरवतो तो खाते क्रमांक. आणि नाव? आपल्याला वाटते की आपण स्लिपवर नाव लिहिले आहे, तेव्हा नाव जुळले नाही तर बँक पैसे परत पाठवील. वस्तुस्थिती तशी नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० च्या ऑक्टोबर महिन्यात बँकांना दिलेल्या सूचनेत स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करता येईल आणि खाते क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची राहील. म्हणजे शहाजोग हुंडीत जो प्रश्न सर्वांत आधी विचारला जाई, तो नव्या व्यवस्थेत विचारणे सक्तीचे उरले नव्हते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सुरतला काम करणाऱ्या एका बापाने पुण्यातल्या आपल्या मुलाला आठ हजार रुपये पाठवले. कोड त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा पडला, पण खाते क्रमांक बरोबर होता, तर बँकेच्या सर्व शाखा एकाच संगणक प्रणालीने जोडलेल्या असल्यामुळे पैसे बहुधा मुलालाच मिळतील. कोड निराळ्याच बँकेचा पडला आणि तिथे त्या क्रमांकाचे खातेच नसले, तर पैसे परत येतील. परंतु खाते क्रमांकातला एकच आकडा चुकला आणि त्या चुकीच्या क्रमांकाचे खाते खरोखर कोणाचे तरी असले, तर पैसे त्या अनोळखी माणसाच्या खात्यात जमा होतील. कोड चुकला तर पैशाला निदान माघारी येण्याची वाट असते, खाते क्रमांक चुकला तर ती वाट अनोळखी माणसाच्या मर्जीतून जाते. म्हणून कोड एकदा तपासा आणि खाते क्रमांक दोनदा तपासा.

समाधानाची गोष्ट ही की, ही उणीव आता भरून निघाली आहे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी परिपत्रक काढून एनईएफटी व आरटीजीएससाठी लाभार्थ्याचे नाव आधी दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास बँकांना सांगितले. खाते क्रमांक आणि कोड टाकला की त्या खात्यावरचे नाव समोर येते. त्यासाठी शुल्क नाही. मोबाइलवरून पैसे पाठवा किंवा शाखेत जाऊन पाठवा, ही सोय मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. खिडकीवर स्लिप देताना नम्रपणे म्हणावे, "साहेब, खात्यावर कोणाचे नाव येते ते आधी वाचून दाखवता का?" हे विचारण्यात संकोच कसला? मात्र एक लक्षात ठेवा. आपल्याकडे एकाच नावाची आणि एकाच आडनावाची चार-चार माणसे एकाच गल्लीत सापडतात. तेव्हा नाव जुळले म्हणून अंक तपासायचे सोडू नयेत. नाव आणि अंक दोन्ही जुळले पाहिजेत.

पैसे कोणत्या मार्गाने पाठवावेत, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. एनईएफटीला किमान रकमेची अट नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. दर अर्ध्या तासाला एक तुकडी निघते. आरटीजीएस दोन लाख व त्यावरील रकमेसाठी आहे आणि १४ डिसेंबर २०२० पासून तीही अहोरात्र चालू असते. आयएमपीएसने पाच लाखांपर्यंतची रक्कम तत्काळ जाते. बचत खात्यावरून मोबाइलवर किंवा इंटरनेटवर केलेल्या एनईएफटीला १ जानेवारी २०२० पासून बँकेला शुल्क घेता येत नाही. ज्याचे खाते नाही असा माणूसही एनईएफटीची सोय असलेल्या शाखेत जाऊन पन्नास हजारांपर्यंत रोख भरून दुसऱ्याच्या खात्यात पाठवू शकतो. परगावी असलेल्या मजुरांना ही माहिती अवश्य द्यावी. मोठी रक्कम प्रथमच पाठवायची असेल तर आधी एक रुपया पाठवावा, समोरच्याला फोन करून तो मिळाल्याची खात्री करावी आणि मगच बाकीची रक्कम पाठवावी.

आता तिसरा एक मार्ग आहे, ज्यात कोडही लागत नाही आणि खाते क्रमांकही लागत नाही. तो म्हणजे आधार क्रमांकाचा मार्ग. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी रंजना सोनवणे यांना देण्यात आला, हे आपण सर्व जाणता. आज शिष्यवृत्ती आणि अनेक शासकीय योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. इथे मेख अशी की, आपली चार खाती असली तरी पैसे एकाच खात्यात जातात, आणि ते म्हणजे शेवटी ज्या बँकेत आधार जोडणी झाली ते खाते. एखाद्या विद्यार्थ्याने बाजारात किंवा जत्रेत एखाद्या टेबलावर अंगठा देऊन नवे खाते उघडले आणि त्यात आधार जोडणीला संमती दिली, तर शिष्यवृत्ती त्या नव्या खात्यात जाऊ शकते. मग मुलगा जुन्या पासबुकात रोज नोंद पाहतो, 'शिष्यवृत्ती आली नाही' म्हणून कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो, आणि पैसे तिकडे त्याच्याच नावाने पडून असतात. आपला आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने ते पाहावे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा साठ टक्के हिस्सा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. त्यातून महाविद्यालयाची फी विद्यार्थ्यानेच भरायची असते. म्हणजे पैसे घेणारा आणि पाठवणारा, दोन्ही भूमिका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुला-मुलीला पार पाडाव्या लागतात. महाविद्यालयाचा खाते क्रमांक व कोड व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशातून उचलू नये. तो महाविद्यालयाच्या कार्यालयातून किंवा अधिकृत फी-पावतीवरून घ्यावा. फी भरल्यावर व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा.

आपल्या गावाचा विषय काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तापीकाठच्या या सारंगखेड्यात दरवर्षी दत्तजयंतीला मोठा घोडेबाजार भरतो, परप्रांतांतून व्यापारी येतात आणि एकेका जनावराचा सौदा लाखांत जातो. पूर्वी ही रक्कम कमरेला बांधून आणली जाई आणि रात्री उशाशी घेऊन झोपण्याची पाळी येई. २०१६ साली नोटाबंदीनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी दत्तजयंती आली. हाती चलन नसले की बाजाराचे काय होते, हे तेव्हा पुष्कळांना कळले. आज मोबाइलवरून पैसे देणे नेहमीचे झाले आहे आणि त्याबरोबर एक नवी लबाडीही आली आहे. 'पैसे गेले' असा मोबाइलचा पडदा किंवा संदेश समोरचा माणूस दाखवतो. तो पडदा बनावट असू शकतो. विकणाऱ्याने दुसऱ्याच्या मोबाइलवर नव्हे, स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहावी आणि मगच घोड्याचा लगाम हातातून सोडावा. शहादा परिसरातले पपई-केळीवाले शेतकरी परराज्यांतल्या व्यापाऱ्यांना माल देतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे. गाडी सुटल्यावर तपासण्यात अर्थ नाही.

आता भीतीविषयी थोडे. काही लोक घाबरून आपला खाते क्रमांक आणि कोडही कोणाला सांगत नाहीत. मग पैसे येणार कसे? खाते क्रमांक आणि आयएफएससी हा घराचा पत्ता आहे. ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत त्याला पत्ता द्यावाच लागतो. पिन, ओटीपी, एटीएम कार्डामागचे तीन आकडे या मात्र घराच्या किल्ल्या आहेत. किल्ली कोणालाही द्यायची नाही. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही, नातेवाइकालाही नाही. आणखी एक सूत्र पाठ करा : पैसे पाठवताना पिन लागतो, पैसे घेताना लागत नाही. 'तुम्हाला पैसे पाठवतो, फक्त पिन टाका' असे कोणी म्हणाला की तो चोर आहे असे खुशाल समजावे.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. शहरात काही लोक मुलांना गाठतात आणि म्हणतात, "तुझे खाते काही दिवस वापरायला दे, महिन्याला दोन-चार हजार देतो." पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड सगळे मागून घेतात. अशा खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. पोलीस चौकशी सुरू होते तेव्हा खाते ज्याच्या नावावर त्याला बोलावणे येते. खाते गोठवले जाते, त्यातली शिष्यवृत्ती अडकते आणि शिक्षण, नोकरी, अब्रू सगळेच पणाला लागते. पत्ता द्यावा, पण घर भाड्याने देऊ नये. दोन हजारांसाठी आई-बापाच्या वीस वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरवू नका.

एवढी काळजी घेऊनही चूक होऊ शकते. झालीच तर काय करावे? पहिली गोष्ट, वेळ घालवू नये. आपल्या बँकेला तत्काळ कळवावे आणि लेखी अर्ज द्यावा. अर्जात तारीख, रक्कम, चुकीचा व बरोबर खाते क्रमांक, कोड आणि व्यवहाराचा 'यूटीआर' क्रमांक लिहावा. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरी, आरटीजीएसचा बावीस अक्षरी असतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याच्या संमतीने ते परत येतात. म्हणूनच सुरुवातीचे काही तास मोलाचे. पैसे कोणाच्याच खात्यात जमा होऊ शकले नाहीत, तर समोरच्या बँकेने तुकडीचा हिशेब झाल्यापासून दोन तासांत ते परत पाठवावेत असा नियम आहे आणि विलंब झाला तर ग्राहकाला रेपो दराहून दोन टक्के अधिक दराने व्याज द्यावे लागते. फसवणूक झाली असेल तर बँकेबरोबरच १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

शेवटी संस्थेसाठी चार सूचना मांडतो. एक, संस्थेच्या पावतीपुस्तकावरील खाते क्रमांक आणि कोड दरवर्षी शाखेतून पडताळून घ्यावा आणि पडताळणीची तारीख त्यावर छापावी. दोन, विहाराच्या बांधकामाचे धम्मदान संस्थेच्याच नावाच्या खात्यात यावे. कोणा पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्याचा कोड कोणालाही देऊ नये, मग तो कितीही प्रामाणिक असो. तीन, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा मायबहिणींची स्लिप भरून देण्यासाठी रविवारी दोन विद्यार्थ्यांनी विहारात बसावे. एकाने आकडे वाचावेत, दुसऱ्याने ते पासबुकाशी ताडून पाहावेत. एकट्याच्या नजरेला निसटलेला आकडा दुसऱ्याच्या कानाला खटकतो. चार, त्या विद्यार्थ्यांनी कोणाचाही पिन विचारू नये आणि कोणी आपण होऊन सांगू लागले तर त्याला तिथेच थांबवावे.

आजवर आपली मायमाऊली बँकेत गेली की शेजारी उभ्या असलेल्या कोणाही अनोळखी माणसाला म्हणते, "दादा, एवढी स्लिप भरून द्या." त्या दादावर तिला विश्वास टाकावा लागतो, कारण दुसरा इलाज नसतो. आपल्या शिक्षणाचा उपयोग तिला झाला पाहिजे. तिच्या पासबुकाच्या पहिल्या पानावरची ती अकरा अक्षरे तिच्या नातीला वाचता आली, पाचव्या जागचे शून्य तिला ओळखता आले आणि पडद्यावरचे नाव तिने आजीला मोठ्याने वाचून दाखवले, तर तिला अनोळखी दादाची गरज उरणार नाही. शिक्षणाने माणूस स्वावलंबी होतो असे आपण म्हणतो, ते स्वावलंबन बँकेच्या खिडकीसमोरही दिसले पाहिजे.



जयभीम! नमो बुद्धाय!